रिकाम्याचं वजन

वेर्ण्याच्या पठारावर, खिडकी नसलेल्या खोलीत
पंधरा दिवस झाले, मी सूर्यासाठी
अंधार मोजते आहे.

टाकीत निर्वात, उणे पंचावन्न अंश,
आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा डिटेक्टर,
त्यात चाळीस लाख चौकटी. शटर बंद.
दहा सेकंद. वाच. पुन्हा दहा सेकंद.
काहीच न दिसल्याचे तीनशे फोटो.

रेमेडियोस पंपाला कान लावून बसतो.
‘बाय, आज पंप खोंकता,’ म्हणतो,
आणि बहुतेक वेळा पंप खोकत असतोच.

काही नसतानाही डिटेक्टर काहीतरी सांगत राहतो.
थोडी ऊब, थोडी तारांची बडबड,
आणि ओळ अकराशे सत्त्याऐंशी, स्तंभ चारशे दोन:
एक चौकट कायम पेटलेली,
दिवा घालवला तरी टक्क जागं राहणाऱ्या पोरासारखी.
तिला कोणी दुरुस्त करत नाही.
यादीत तिचा पत्ता लिहायचा,
आणि पुढे तिचं ऐकायचं नाही.

बाबा सावर्ड्याला खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते.
पापण्यांपर्यंत लाल धूळ.
आधी रिकामा ट्रक, मग भरलेला,
वजा केलं की उरतो तो माल.
ड्रायव्हर हुशार. रिकामा ट्रक चढवण्याआधी
क्लीनरला वळणावर उतरवायचा, पाण्याचं पिंप ओतून द्यायचा,
भरल्यावर क्लीनर परत आत, पिंप काठोकाठ.
बाबा वहीतून मान वर न काढता विचारायचे,
‘सांतान खंय?’
आणि ट्रक तसाच काट्यावर उभा,
चहाच्या गाड्यावरून सांतान धावत येईपर्यंत.

मी वेगळं काय करते?
उजेड दहा सेकंदांचा, तर अंधारही दहाच सेकंदांचा,
त्याच थंडीतला.
अर्धा अंश इकडेतिकडे झाला
की समजावं, सांतान मधेच उतरलाय.

परवा पांढऱ्या गोलाची पाळी होती.
त्या पोकळीत दिव्याचा उजेड इतका भटकतो
की बाहेर पडताना त्याला दिशाच उरत नाही.
सगळ्या चौकटींवर सारखा पडतो,
सारखा दिसत मात्र नाही.
कडेच्या चौकटी चिकट, डावा कोपरा उधळा,
आणि काचेवर कुठेतरी धुळीचा एक कण,
त्याची सावली बांगडीसारखी गोल.
तीन माणसं, दोन टोप्या, चार हातमोजे बदलून झाले,
बांगडी तिथेच.

आज नरकासुराची रात्र.
नागव्याच्या वाटेवर स्पीकरांच्या भिंती.
दोनच्या सुमारास आलेखात बारीक लाट उठली.
रेमेडियोस म्हणाला, पंप. मी म्हटलं, अर्थिंग.
मग टेबलावर तळवा ठेवला:
ढोल जमिनीतून येऊन, केबल चढून
अंधारात शिरला होता.
केबल स्पंजात गुंडाळली. लाट लहान झाली, गेली नाही.
तेवढ्या तासांचे फोटो बाजूला काढले,
त्यांच्या नावापुढे रेमेडियोसने लिहिलं: असुर.
पहाटे त्याला जाळला असणार,
कारण साडेपाचला रेघ सपाट झाली.

एकच धास्ती आहे.
बाबांच्या काट्याला दरवर्षी पणजीहून
पितळी वजनं घेऊन इन्स्पेक्टर यायचा.
वर कोण जाणार?
आम्ही सोबत एक मिणमिणता दिवा पाठवतोय,
तोही म्हातारा होईल.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
‘काटा चुकला तर चुकू दे,
रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं.’

सहाला त्यांचा फोन. फोव भिजवलेत, कधी येतेस.
आणि मग, उगाच विचारल्यासारखं,
‘दिसला का सूर्य?’
‘नाही हो, अजून रिकामा ट्रकच चाललाय.’
‘बरं,’ म्हणाले. आवाज खूश होता.

टोपी, मोजे, अंगरखा उतरवून बाहेर आले.
लोटलीच्या बाजूने तो हातभर वर आलेला,
हवेत फटाक्यांचा आणि जळक्या कागदाचा वास.
उजेडात आलं की मला शिंका येतात, लहानपणापासून.
दोन.
कधीच तीन नाहीत.